बारा ग्रॅमांची ऊब

हैदराबादच्या हिवाळ्याला कोणी फारसे मनावर घेत नाही. उन्हाळ्याची येथे रीतसर तयारी होते. माठ येतात, वाळ्याचे पडदे निघतात, कूलरच्या जाळ्या बदलल्या जातात. हिवाळ्यासाठी असे काही करावे लागत नाही. नामपल्लीच्या मैदानावर १ जानेवारीला नुमाइश सुरू झाली की संध्याकाळी तिकडे जाताना स्वेटर अंगात घालायचा आणि संक्रांतीचे पतंग उतरले की तो पुन्हा पेटीत ठेवायचा, एवढाच आमचा हिवाळा. डिसेंबर-जानेवारीत दुपारचा पारा २८ अंशांच्या आसपास असतो आणि पहाटे तो १४-१५ अंशांपर्यंत उतरतो. थंडीची लाट आली तर शहराच्या कडेला, पटानचेरू-राजेंद्रनगरकडे, तो एक आकडी होतो. या शहराच्या नोंदींतला नीचांक १९४६ च्या जानेवारीतला आहे, ६.१ अंशांचा. उत्तर हिंदुस्थानातील माणूस आमच्या या थंडीला हसेल, आणि त्याचे हसणे योग्यही आहे.

परंतु हा सारा हिशेब माणसाच्या अंगाने केलेला. सुलतान बाजारातील जुने घर सोडून आम्ही कुकटपल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहावयास आलो, तेव्हापासून आमच्या कुटुंबात चार माणसे आणि सहा फिंच आहेत. एका फिंचचे वजन साधारण १२ ग्रॅम, म्हणजे चमचाभर साखरेपेक्षा थोडे अधिक. एवढ्याशा देहाने हैदराबादची थंडी मोजावयाची तर मापेच निराळी घ्यावी लागतात. गेल्या काही हिवाळ्यांत ती मापे आम्हांला थोडीफार उमगली, त्यांविषयी हे टिपण.

प्रथम या पक्ष्याची ओळख. आमच्याकडे आहेत ते झेब्रा फिंच. चोच पोवळ्यासारखी लाल; नराच्या गालांवर केशरी ठिपके आणि गळ्यावर काळे-पांढरे बारीक पट्टे. मूळ वस्ती ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातली. नराचे पिल्लू आपले गाणे बापाकडून ऐकून शिकते, म्हणून मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांचा हा लाडका पक्षी. कोंबडीनंतर ज्या पक्ष्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तो हाच, २०१० साली. नाव फिंच असले तरी त्याचे कुळ खऱ्या फिंचांचे नव्हे, आपल्या मुनियांचे आहे. ज्यांना मराठी पक्षिनामावलीत ‘मनोली’ असे गोड नाव आहे, त्या मुनियांचा हा दूरदेशीचा चुलतभाऊ. या नात्याचा गोंधळ जुनाच आहे. आपल्या लाल मनोलीला १७५८ साली लिनियसने शास्त्रीय नाव दिले, तेव्हा तिलाही त्याने फिंचांतच बसवले होते. त्या नावातील ‘अमांडावा’ हा शब्द ‘अहमदाबाद’चा अपभ्रंश, तेथून पिंजऱ्यांत भरून या इवल्या पाखरांची युरोपकडे रवानगी होत असे.

हे सांगण्याचे कारण असे की हैदराबादेतही मनोल्या परक्या नाहीत. सलीम अली यांनी १९३१-३२ साली निजामाच्या संस्थानाचे पक्षिसर्वेक्षण केले. त्या संस्थानात तेव्हा आपला मराठवाडाही होता. अशा सर्वेक्षणांनी ज्यांची दखल घेतली त्या माळरानांवर आणि तळ्याकाठच्या गवतात मनोल्यांचे थवे आजही दिसतात. पण त्यांना घरात ठेवता येत नाही, ठेवूही नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून संपूर्ण बंदी आहे. तरीही हिरव्या-गुलाबी रंगांत बुडवलेल्या मुनिया ‘विलायती’ म्हणून विकल्याची उदाहरणे देशात घडत आली आहेत. झेब्रा फिंचचे तसे नाही. त्याच्या कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मल्या आणि पिंजऱ्यातच संपल्या. त्याला पाळण्यास कायद्याची आडकाठी नाही. प्रश्न आहे तो पाळणाऱ्याच्या जबाबदारीचा, आणि हिवाळ्यात तो अधिक टोकदार होतो.

पक्ष्याच्या अंगातील उष्णता आपल्यापेक्षा अधिक असते. माणसाचे ३७ अंश. या जातीच्या पक्ष्याचे ४१ अंशांच्या घरात. वाटीतला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो, हा स्वयंपाकघरातील नित्याचा अनुभव. देह जितका लहान, तितके वजनाच्या मानाने त्याचे पृष्ठ मोठे आणि तितकीच उष्णता लवकर निसटते. १२ ग्रॅमांच्या देहाला ४१ अंश टिकवायचे म्हणजे रात्रभर सरपण जाळीत बसावे लागते. हे सरपण दिवसा खाल्लेल्या दाण्यांचे. आणि ही ऊब निसटू न देणारे पांघरूण म्हणजे पिसे. थंडी वाजली की पक्षी पिसे फुलवतो. पिसांमध्ये हवेचा थर अडकतो आणि तो थर त्याची गोधडी होतो. आपल्या अंगावर काटा येतो तोही याच जुन्या युक्तीचा अवशेष. आपल्यापाशी केस उरले नाहीत, काटा मात्र उरला. फिंच मग एक पाय पोटात ओढून घेतो, चोच पाठीच्या पिसांत खुपसतो आणि शेजाऱ्याला खेटून बसतो. आमचे सहाही पक्षी डिसेंबरच्या रात्री एकाच दांडीवर एका ओळीत असे बसतात की सहा डोकी मोजणे कठीण व्हावे. म्हणूनच एकटा फिंच पाळणे हे कोणत्याही ऋतूत वाईट, आणि हिवाळ्यात तर क्रूरपणाचे.

पिंजरा, दाणे आणि या विषयातील पहिला धडा आम्हांला मिळाला तो जुन्या शहरात. चारमिनारपासून लाड बाजार ओलांडून गेले की महबूब चौक लागतो. मनोऱ्यावरच्या घड्याळापेक्षा कोंबड्यांच्या आणि पाखरांच्या व्यापारामुळे तो प्रसिद्ध, म्हणून लोकांच्या तोंडी त्याचे नाव मुर्गी चौक. तेथील एका वृद्ध विक्रेत्याला आम्ही काही वर्षांपूर्वी विचारले की थंडीत यांचे कसे करावे? तो म्हणाला, “ठंड से नै मरते साब, हवा से मरते.” त्याने पुढे काही स्पष्टीकरण दिले नाही. आम्ही मात्र त्या एका वाक्यावर बरेच दिवस विचार करीत राहिलो.

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. पिसांतला हवेचा थर स्थिर असेल तरच ऊब देतो. फटीतून येणारा बारीकसा झोत पिसे विलग करतो आणि तापलेली हवा उडवून नेतो. मग पक्ष्याने कितीही सरपण जाळले तरी घर उघडेच. १४ अंशांची शांत, कोरडी रात्र निरोगी फिंच सहज काढतो. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी मुलखात त्याच्या पूर्वजांनी याहून थंड रात्री काढल्या आहेत. पण १९ अंशांच्या खोलीत खिडकीच्या फटीसमोर ठेवलेला पक्षी आजारी पडू शकतो. शिवाय आमची घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली. वारा खेळावा म्हणून समोरासमोर खिडक्या, दारावर झरोके, पायाखाली गार फरशी. एप्रिलमध्ये जे वरदान, तेच जानेवारीच्या पहाटे पिंजऱ्यातील जिवाला शाप.

आम्ही मग घरातील वारा शोधू लागलो. मुलीने युक्ती काढली. पिंजऱ्यात गळालेले एक पीस तिने बारीक दोऱ्याला बांधले आणि ते हातात धरून घरभर हिंडली. जेथे पीस हलले तेथे पिंजरा नको. बैठकीच्या खोलीत ते दारापाशी नाचत होते, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी थरथरत होते. आतल्या भिंतीलगत, पुस्तकांच्या कपाटाशेजारी मात्र अगदी निश्चल राहिले. तेथे जमिनीपासून पाच फुटांवर आम्ही पिंजरा ठेवला. ऊबदार हवा वर चढते आणि फिंचलाही उंचावर बसणेच सुरक्षित वाटते. पहाटे पाचला बाल्कनीत पारा १३ वर असताना या कोपऱ्यात तो १९ वर असतो. सहा अंशांचा हा फरक एकही यंत्र न लावता मिळाला.

रात्री पिंजऱ्यावर पांघरूण घालतो तेही तीन बाजूंनीच. समोरची बाजू उघडी. हवा कोंडली तर श्वासातील ओल आतच राहते, आणि ओलसर पिसे ऊब धरीत नाहीत. प्लास्टिकचा कागद याच कारणासाठी वर्ज्य. आजींनी मोठ्या हौसेने जुन्या लुगड्याची लहानशी गोधडी शिवून दिली होती. ती आम्ही पिंजऱ्याखाली अंथरली, वर टाकली नाही. टाक्यांचे दोरे निघाले तर त्यांत नख अडकून पाय मोडण्याचे भय असते. वर टाकावयाला जाड विणीची चादर बरी. दांड्या लाकडाच्या, शक्यतो पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या कमीजास्त जाडीच्या फांद्यांच्या. बसल्यावर पोटाची पिसे बोटांवर यावीत, एवढाच त्यातला हेतू.

आता अन्नाचे. हिवाळ्याच्या पुष्कळ सूचना ज्या पुस्तकांतून आपल्याकडे येतात ती थंड देशांत लिहिलेली. लंडनला डिसेंबरची रात्र सोळा तासांची. तेथील पाळणारा संध्याकाळी दिवा लावून पक्ष्याला जेवावयास वेळ देतो, ते योग्यच. हैदराबादेत सर्वांत मोठी रात्र जवळजवळ तेरा तासांची आणि सर्वांत लहान सुमारे अकराची. फरक दोन तासांचा. त्यासाठी दिवे लावून झोपमोड करण्याची गरज नाही. मात्र मावळतीपूर्वीचा तास आणि उगवतीनंतरचा तास पक्ष्याचा असला पाहिजे. गळ्याशी असलेली अन्नाची पिशवी भरून फिंच झोपी जातो आणि तेवढ्यावर रात्र काढतो. म्हणून हिवाळ्यात दाण्याची वाटी दुपारीच पुन्हा भरतो. वर दिसतात ती कित्येकदा नुसती टरफले असतात. फुंकर मारल्यावाचून वाटी भरलेली आहे असे समजू नये.

दाणा म्हणजे मुख्यतः राळा. बेगम बाजारात तो ‘कोर्रलु’ या तेलुगू नावाने मागावा लागतो. मराठवाड्यातील आमच्या आजोळी सणासुदीला राळ्याचा भात होत असे, पुढे ते धान्य ताटातून गेले. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा ते पुन्हा माणसांच्या दुकानांत दिसू लागले. फिंचांच्या वाटीतून मात्र ते कधीच गेले नव्हते. राळ्यात थोडी बाजरी, आठवड्यातून दोनदा कोथिंबिरीची काडी, आणि वैद्याच्या दुकानातला समुद्रफेस पिंजऱ्याला अडकवलेला. आंघोळीची ताटली दुपारी बाराला ठेवून तीनच्या आत काढून घेतो. थंडीतही त्यांना पाण्यात उतरावयाचे असतेच. सूर्य कलण्यापूर्वी अंग वाळले म्हणजे झाले.

शेकोटीविषयी मात्र फार सावध राहावे लागते. पक्ष्याची श्वसनसंस्था आपल्याहून कार्यक्षम. फुप्फुसांना हवेच्या पिशव्यांची जोड असते आणि हवा एकाच दिशेने वाहत राहते. प्राणवायू जसा भराभर मिळतो तसे विषही भराभर भिनते. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींतून १९८० च्या दशकापर्यंत कॅनरी नेत असत, ते याचसाठी. म्हणून निखाऱ्यांची शेगडी, मच्छर अगरबत्ती, कडक तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ, यांपैकी काहीही त्यांच्या खोलीत नको.

यावरून घरात एक नाजूक प्रश्न उभा राहिला. आजी रोज संध्याकाळी देवापुढे ऊद-धूप घालीत. पन्नास वर्षांची सवय. तीत श्रद्धा होती आणि गेलेल्या माणसांची आठवणही होती. त्यांना पाखरांसाठी धूप बंद करा असे सांगणे आमच्या जिवावर आले. आम्ही काही बोलण्यापूर्वीच त्यांनी एक दिवस धुपाटणे उचलून मागच्या बाल्कनीतील तुळशीपाशी नेले आणि देवघरात निरांजन तेवढे ठेवले. विचारले तेव्हा म्हणाल्या, “देवाला काय, कुठूनही वास पोहोचतो. यांना कुठे जाता येतं?”

या प्रश्नात सारा विषय सामावला आहे. रानातील मनोली थंडीला उत्तर देते ते जागा बदलून. वारा पूर्वेचा असेल तर ती झुडपाच्या पश्चिमेला बसते, सकाळी उन्हाच्या फांदीवर येते, दुपारी सावलीत जाते, रात्री थव्याबरोबर दाट गवतात शिरते. तिला उष्णतेचा पुरवठा कोणी करीत नाही. तिच्यापाशी निवड असते. पिंजरा सर्वप्रथम ही निवड काढून घेतो. म्हणून हिवाळ्यात पाळणाऱ्याचे काम केवळ ऊब देण्याचे नसून निवड परत देण्याचे आहे. थंडीची लाट आली की आम्ही उजेड न देणारा सिरॅमिकचा तापदिवा लावतो, पण पिंजऱ्याच्या बाहेर आणि एकाच टोकाला. त्या टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला साधी हवा. कोणी कोठे बसावे ते ज्याचे त्याने ठरवावे. सकाळचे ऊनही अर्ध्याच पिंजऱ्यावर पडेल असे पाहतो. पक्षी कोणता भाग निवडतो यावरून आपल्यालाही उत्तर मिळते. सारेच दिव्याकडे गोळा झाले तर खोली गार आहे. सारेच लांब गेले तर आपली माया जास्त झाली आहे. आणि भर दुपारी, उन्हात, एखादा एकटाच पिसे फुलवून बसला असेल तर ती थंडी नव्हे, आजार आहे. रानात दुबळेपणा दाखवणे जिवावर बेतते, म्हणून पक्षी दुखणे लपवितो. ते आपल्याला दिसते तेव्हा बराच वेळ निघून गेलेला असतो.

एका बाबतीत मात्र ही निवड देणे अवघड आहे, ते घरट्याच्या. रानातील झेब्रा फिंच झोपण्यासाठीही घरटे बांधतात. तेव्हा थंडीत गवताची टोपली द्यावी, असे कोणालाही वाटेल. पण पिंजऱ्यात बारा महिने दाणा-पाण्याची ददात नसते; टोपली दिसताच मादी अंडी घालू लागते. एक अंडे एका ग्रॅमच्या आसपासचे, म्हणजे मादीच्या वजनाचा बारावा हिस्सा. थंडीत स्नायू आखडलेले असतात, चुना कमी पडला तर अंडे अडकते आणि काही तासांत मादी दगावते. म्हणजे जी ऊब द्यावी तिच्यातूनच मरण येण्याची शक्यता. म्हणून कार्तिक लागला की आम्ही टोपल्या काढून घेतो. पण टोपली नसली तरी अंडे येणारच नाही असे नाही.

दोन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या आठवड्यात, रात्री नऊच्या सुमारास सर्वांत धाकटी मादी पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली दिसली. पिसे फुललेली, डोळे अर्धे मिटलेले, श्वासाबरोबर शेपूट खालीवर होत होती. पाखरांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्यांनी लक्षणे ऐकून अंडे अडकल्याचे सांगितले आणि पोट दाबू नका, अंडे ओढू नका, असे बजावले. पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापड, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, कोपऱ्यात ओला बोळा, आत ३० अंशांच्या आसपास दमट ऊब आणि अंधार. दर तासाला आम्ही आळीपाळीने पाणी बदलीत होतो. तिचा नर वरच्या दांडीवरून एकसारखी साद घालीत होता आणि बाकीचे चौघे नेहमीप्रमाणे खेटून झोपले होते. तिच्याकडून उत्तर येत नव्हते. पहाटे चारनंतर खोक्यातून एक अगदी क्षीण टीप ऐकू आली. उघडून पाहिले तो मादी पायांवर उभी होती आणि कापडावर पांढरे, हरभऱ्याहून थोडे मोठे अंडे पडले होते. सकाळी डॉक्टरांनी तिला तपासून चुन्याचे औषध दिले. ती आजही आहे.

तिचा नर मात्र या पौषात गेला. तो आठव्या वर्षात होता; पिंजऱ्यातील झेब्रा फिंचला पाच-सात वर्षांचे आयुष्य मिळते, त्या मानाने त्याने पुष्कळ दिवस पाहिले. त्या रात्री वारा नव्हता, तापदिवा चालू होता, पोट भरलेले होते. सगळे नीट असूनही मरण यावयाचे तेव्हा येतेच. मुलीने त्याला तुळशीच्या कुंडीत पुरले. नंतर तिने विचारले की उरलेल्यांना आपण सोडून का देत नाही? प्रश्न रास्त होता. आम्ही तिला सांगितले की या शहरातील शिकरा, कावळे आणि मांजरे यांच्यापुढे हे पाखरू एक दिवसही टिकणार नाही. ज्या वाळवंटाचे ते आहे तेही त्याने पाहिलेले नाही. त्याला मोकळे करण्याचा मार्ग कित्येक पिढ्यांपूर्वीच बंद झाला. आता नवे आणावयाचे नाहीत, आहेत त्यांना शेवटपर्यंत सांभाळावयाचे, असे आम्ही चौघांनी ठरविले. टोपल्या यापुढे कोणत्याही ऋतूत लावणार नाही.

दांडीवर आता पाचजण बसतात. रात्र झाली की धाकटी मादी थोडा वेळ टोकाला थांबते, मग सरकत सरकत ओळीच्या मध्ये जागा करून घेते.